डिसेंबरात तिकडे शाळाच बंद असतात

पत्र

प्रिय ताई,

मी २६ वर्षांची आहे. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि तीन वर्षं पुण्यात नोकरी करतेय. काम म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी किती वीज जाळली, किती पाणी वापरलं याचे तक्ते भरायचे आणि त्याचा गुळगुळीत अहवाल करायचा. मन लागत नाही. एका एजन्सीमार्फत केनियातल्या एका खेड्यात चार आठवडे शाळेत पर्यावरण शिकवायला जायची संधी आलीय. गाव त्सावो राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. डिसेंबरची बॅच. राहणं-जेवण धरून १ लाख ८० हजार, विमानाचं तिकीट वेगळं. २५ हजार अनामत भरून झालीय. पाठही काढून ठेवलेत: जागतिक तापमानवाढ, कार्बन फूटप्रिंट, प्लास्टिकबंदी, वृक्षारोपण. व्हिसाचं विचारलं तर म्हणाले, पर्यटक म्हणून या, शाळेचं काही बोलू नका, सगळे तसेच येतात.

आई म्हणते, एवढे पैसे घालून परक्या मुलांना शिकवायला जातेस, मेळघाटात शाळा नाहीत का? (आमचं मूळ गाव दोडामार्ग तालुक्यात. आजोबांची केळीची बाग हत्तींनी दोनदा झोपवली, तेव्हापासून आईला हत्ती, जंगल, पर्यावरण यातल्या कशाचंच कौतुक नाही.) बाबा म्हणतात, तुझे पैसे, तू बघ. मैत्रिणी म्हणतात, सीव्हीवर छान दिसेल. मला खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय. जाऊ का?

सायली (नाव बदललं आहे), पुणे

उत्तर

सायली,

या एजन्सीबरोबर, या डिसेंबरात जाऊ नकोस. केनियाला जायला माझी ना नाही. उलट तू जावंस असंच मला वाटतं, पण मध्ये वर्षभर जाऊ दे. आणि पत्रात जे तू कंसात टाकून मोकळी झालीस, त्याच्याकडे त्या वर्षात नीट बघ. कंसाकडे मी येतेच, आधी एजन्सीचा हिशेब उरकून घेऊ.

केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. तीन सत्रं असतात आणि तिसरं ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरपर्यंत आटोपतं. मग जानेवारी उजाडेपर्यंत मोठी सुटी, आपल्या मे महिन्यासारखी. म्हणजे तू पोचशील तेव्हा वर्गांना कुलूप असणार. मग एजन्सी तुला शिकवायला कुणासमोर उभी करणार? गावातली मुलं गोळा करून ‘कॅम्प’ भरवणार. आणि ती मुलं सुटीत रिकामी बसलेली नसतात. त्सावोच्या त्या कोरड्या पट्ट्यात मार्च-मेच्या लांबलचक पावसापेक्षा वर्षअखेरच्या छोट्या पावसावर शेतकऱ्याचा भरवसा जास्त. डिसेंबरात मका, मूग, चवळी शेतात उभी असते, खुरपणी-राखणीची घाई असते, आणि पोरं आईबापांच्या हाताखाली असतात. त्यांना तिथून उठवून शाळेच्या आवारात आणून बसवायचं, कारण काय, तर पुण्याच्या बाईंची रजा डिसेंबरात मंजूर झालीय. तू मुद्दाम असं करणार नाहीस हे मला माहीत आहे. पण ज्यांनी ही बॅच डिसेंबरात लावली, त्यांना शाळेचं वेळापत्रक माहीत नसेल असं मी धरून चालत नाही.

व्हिसाबद्दल जे सांगितलं, त्यावर तर मी तिथल्या तिथे फोन ठेवला असता. केनियानं २०२४च्या जानेवारीपासून व्हिसा बंद करून ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी सुरू केली. पाहुण्यासारखं जाऊन यायला ती ठीक आहे. काम करायचं, मग ते बिनपगारी का असेना, तर स्पेशल पास किंवा धर्मादाय संस्थांसाठी असलेलं क्लास आय परमिट लागतं, आणि त्यासाठी तुला बोलावणाऱ्या तिथल्या संस्थेला खटपट करावी लागते. केनियात शिक्षक म्हणून उभं राहायला टीएससीची, म्हणजे त्यांच्या शिक्षक सेवा आयोगाची, नोंदणीही लागते. बाहेरून आलेली मुलगी फार तर शिक्षकाची मदतनीस असू शकते. ‘काही बोलू नका’ याचा अर्थ एवढाच, की पकडली गेलीस तर तू एकटी.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, म्हणून विचारते. त्यांनी तुझ्याकडे पोलीस क्लिअरन्स मागितला का? दोन ओळखीच्या माणसांची नावं? लहान मुलांशी कसं वागायचं, एकटं कुठे न्यायचं नाही, फोटो कुठे टाकायचे नाहीत, याचा एखादा कागद सहीला पाठवला का? नसेल, तर उद्या कुणीही पैसे भरून त्या मुलांपर्यंत पोचू शकतो. पासपोर्ट कार्यालयातून क्लिअरन्स काढायला तुला फारसा त्रास नाही. तो मागण्याचा त्रासही ज्यांनी घेतला नाही, त्यांच्या हातात शाळा कशी द्यायची?

पैशाचं थोडक्यात. १ लाख ८० हजारांतले शाळेला किती, हे लेखी विचार. केनियातल्या सरकारी शाळांत टीएससीच्या शिक्षकांची संख्या पुरत नाही, म्हणून शाळेचं व्यवस्थापन मंडळ स्वतःच्या खर्चानं शिक्षक नेमतं. त्यांचा पगार बऱ्याचदा पालकांच्या वर्गणीतून, आणि तो तुटपुंजा असतो. तुझ्या चार आठवड्यांच्या पैशात असा एखादा शिक्षक किती महिने टिकला असता, हे त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाच विचार. आकडा ऐकून तुला झोप लागणार नाही. सीव्हीचं मैत्रिणींना बोलू दे.

आता तुझे पाठ. ते मी दोनदा वाचले, आणि रागावू नकोस, पण ते पुण्यातल्या एखाद्या चकचकीत शाळेच्या सहावीसाठी लिहिलेले आहेत.

कार्बन फूटप्रिंटचंच घे. केनियाची सुमारे ९० टक्के वीज भूगर्भातल्या उष्णतेवर, पाण्यावर, वाऱ्यावर आणि थोडी उन्हावर तयार होते. ओल्कारियाची भूऔष्णिक केंद्रं आहेत, तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचं ३१० मेगावॉटचं शेत आहे. आपल्याकडे चंद्रपूर आणि कोराडीला काय जळतं, ते तू रोज तक्त्यात भरतेस. आणि त्या गावातल्या कित्येक घरांत सांजेला सौर दिव्यावर अभ्यास चालतो. त्या मुलीला तू विचारणार, ‘तू वातावरणात किती कार्बन सोडतेस?’ तिनं उलट तुलाच विचारलं तर?

प्लास्टिकबंदीचा पाठ तर काढूनच टाक. केनियानं २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. शिक्षा चार वर्षांपर्यंत कैद किंवा ४० लाख शिलिंगांपर्यंत दंड. आपली बंदी त्यानंतरची, २०१८ची, आणि तुझ्या गल्लीतला भाजीवाला कोथिंबीर कशात बांधून देतो ते मी सांगायला नको. (सामान भरताना मात्र लक्षात ठेव: मुलांसाठी पेन्सिली नेशील त्या कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नकोस. पर्यावरण शिकवायला आलेल्या बाईची पिशवी विमानतळावरच काढून घेतली, असं व्हायला नको.)

वृक्षारोपणाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण त्यात फोटो छान येतात आणि त्यामुळेच त्यात सगळ्यात जास्त फसवणूक होते. ज्या देशात तू झाडं लावायला शिकवणार आहेस, तिथे वांगारी मथाई होऊन गेल्या. १९७७ साली त्यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली आणि खेड्यातल्या बायकांना हाताशी धरून पाच कोटींहून जास्त झाडं उभी केली. २००४चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. वनखात्यातले शिकलेले लोक म्हणत, रोपवाटिका हे तज्ज्ञांचं काम आहे. बायकांनी फुटक्या मडक्यांत रोपं केली आणि दाखवून दिलं. त्या चळवळीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बायकांना थोडे पैसे मिळत, ते जगलेल्या रोपामागे. नुसतं लावून भागत नसे. आपल्याकडच्या ३३ कोटी वृक्षलागवडीला असा नियम असता तर किती खड्डे वाचले असते! तू डिसेंबरअखेर रोपं लावून विमानात बसलीस, की जानेवारी-फेब्रुवारीचं ऊन तिथे वाट बघत असतं. पाणी घालायचं कुणी? ज्या मुली आधीच घरचं पाणी भरतात त्यांनीच.

मग तिथे शिकवायचं काय? खरं म्हणजे शिकवणारे तिथे आहेत. केनियाच्या नव्या अभ्यासक्रमात पहिली ते तिसरीला ‘एन्व्हायर्न्मेंटल ॲक्टिव्हिटीज’ असा विषयच आहे. आपल्या परिसर अभ्यासाचा चुलतभाऊ म्हण. पुढे विज्ञान आणि शेती येते. खालच्या वर्गांत खेड्यापाड्यांतून परिसराच्या भाषेत शिकवायचं असं धोरण आहे, चौथीपासून इंग्रजी. वाइल्डलाइफ क्लब्ज ऑफ केनिया १९६८ पासून चालू आहेत, आणि ते सुरू केले ते तिथल्या विद्यार्थ्यांनीच. म्हणजे आपण काही कोऱ्या पाटीवर लिहायला निघालेलो नाही.

मी मोम्बासात राहत होते तेव्हा त्सावोला लागून असलेल्या व्होई या गावाच्या बाजूच्या एका शाळेत माझं जाणं-येणं असे. तिथे चौथीच्या वर्गावर पन्नाशीच्या एक बाई होत्या. एकदा त्यांच्याकडे युरोपातून आलेला एक तरुण स्वयंसेवक होता. पोरगा गुणी होता, तयारी करून आलेला. लॅमिनेट केलेली चित्रं होती: वितळणारा हिमनग, त्यावर पांढरं अस्वल. साठेक मुलं हाताची घडी घालून बसली होती आणि दर वाक्याला एका सुरात ‘येस, टीचर’ म्हणत होती. तास संपल्यावर बाईंनी मुलांना बाहेर काढलं. आवारात एक मोठा कडुनिंब होता. तिकडे त्याला म्वारोबाइनी म्हणतात. शाळेला नळ नव्हता, म्हणून मुलं घरून पाणी आणत, पाच लिटरच्या पिवळ्या तेलाच्या डब्यांतून. बाईंनी त्यातलं तांब्याभर पाणी कडुनिंबाखालच्या पाचोळ्यावर ओतलं आणि तेवढंच शेजारच्या उघड्या लाल मातीवर. मुलं उकिडवी बसून बघत होती. पाचोळ्यावरचं पाणी जागच्या जागी जिरलं. उघड्यावरचं लाल ओघळ होऊन पार एका मुलाच्या चपलेखाली शिरलं. बाईंनी एवढंच विचारलं, ‘गेल्या पावसात कुणाच्या शेतातली माती गेली?’ अर्ध्या वर्गाचे हात वर. मग जी जुंपली! बांध कुठे घालायचा, काकाच्या शेतातलं पाणी आमच्याकडे का सोडतात, मक्याची ताटं जाळायची की अंथरायची. इंग्रजी कुठल्या कुठे गेली, सगळं स्वाहिलीत आणि तैता या तिथल्या बोलीत. उरलेलं पाणी बाईंनी मोजून रोपांना घातलं. दुसऱ्या दिवशी त्या पोरानं चित्रं पिशवीतच ठेवली आणि बाईंचे डबे उचलायला लागला. महिनाभरानंतर तो गेला, तेव्हा बाईंच्या हातात पावसाच्या नोंदींची एक वही होती, आणि वर्गाच्या भिंतीशी बाटली कापून केलेला पर्जन्यमापक होता. मुलं त्या दोन्ही गोष्टी पुढे वापरत राहिली, कारण त्या मुळात बाईंना हव्या होत्या. त्यानं फक्त बनवायला हात लावला.

तुझ्यासारखीनं तिथे जाऊन करण्यासारखं काम हे असं असतं. त्याला चार आठवडे पुरत नाहीत, निदान एक अख्खं सत्र लागतं. पहिला महिना तर तुझाच अभ्यास चालू असतो.

आता तुझा कंस.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू कंसात टाकलंस, तेही आईची तक्रार म्हणून. त्सावो पूर्व आणि पश्चिम मिळून साधारण २२ हजार चौरस किलोमीटर भरतात, आपले चार सिंधुदुर्ग जिल्हे त्यात मावतील. त्या सगळ्या परिसरात सुमारे १५ हजार हत्ती आहेत. उद्यानाच्या कडेच्या गावात मका दाण्यावर आला की रात्रीची झोप गेलीच. पत्रे वाजवणं, ढोल बडवणं, शेकोट्या पेटवणं, तुला सगळं ओळखीचं आहे. सकाळी वाटेत हत्ती असला तर मुलं शाळेत उशिरा येतात, बाई हजेरीत खाडा लावत नाहीत. २०१३च्या वन्यजीव कायद्यात भरपाईची तरतूद आहे, माणूस दगावला तर ५० लाख शिलिंग. पण भरपाईला वर्षानुवर्षं लागतात, ही तिथली कायमची ओरड. तुझ्या आजोबांनी केळीच्या पंचनाम्यासाठी किती खेटे घातले ते आईला विचार.

त्या मुलांना ‘हत्ती वाचवा’ सांगायला आजवर जी माणसं आली, त्यातल्या बहुतेकांनी हत्ती जीपमधून पाहिलेला. तू तो आडव्या झालेल्या बागेत उभं राहून पाहिलायस. २००२ साली कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले, तेव्हा तू बालवाडीच्या वयाची असशील. म्हणजे हत्ती नसलेला दोडामार्ग तुला आठवतही नसेल, आणि तुझ्या आईला फक्त तोच आठवतो. तुझ्या चारही पाठांत हे कुठेच नाही.

व्होईजवळच्या सगल्लामध्ये काय चाललंय, ते जाण्याआधी वाच. ‘सेव्ह द एलिफंट्स’ या संस्थेबरोबर लुसी किंग या संशोधक तिथे मधमाश्यांच्या कुंपणावर काम करतात. शेताभोवती दर दहा मीटरवर मधाची पेटी किंवा पेटीसारखी दिसणारी खोटी फळी टांगायची, आणि सगळ्या एका तारेनं जोडायच्या. हत्तीनं तारेला धक्का दिला की पेट्या हलतात, माश्या उठतात, हत्ती मागे फिरतो. तिथल्या बऱ्याच वर्षांच्या नोंदींत ऐन पिकाच्या हंगामात शेताकडे आलेल्या हत्तींपैकी ८० टक्क्यांहून जास्त मागे फिरलेले दिसतात. वर मध मिळतो तो वेगळा. पण दुष्काळ पडला की फुलोरा नाही, माश्या पेट्या सोडून जातात, आणि कुंपण नुसतं टांगलेलं राहतं. याच धर्तीवर खादी आयोगानं २०२१ साली कर्नाटकात कोडगूला पेट्या लावल्या. आपली सातेरी माशी आफ्रिकेतल्या माशीपेक्षा बरीच शांत, त्यामुळे तिकडचा उपाय जसाच्या तसा इकडे लागू पडेलच असं नाही. पण हा प्रश्न दोडामार्गची पाचवी आणि सगल्लाची पाचवी मिळून विचारू शकतात. हत्ती आज कुठल्या गावात आहे, हे तुमच्याकडच्या मुलांना मोबाइलवर आधी कळतं. तिकडच्या मुलांकडे सांगण्यासारखं याहून जास्त आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. पुढचं वर्ष या दोन टोकांना जोडण्यात घाल. तुमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, गुरुजींशी बोल. आजोबा असतील तर त्यांना, नाहीतर आईला, मुलांसमोर बसव आणि बागेची गोष्ट सांगू दे, राग-शिव्यांसकट. मुलं हत्तीची वाट, खाल्लेलं पीक, पावसाचे दिवस एका वहीत टिपू देत. दुसरीकडे त्सावोच्या कडेची एखादी शाळा शोध. केनिया ऑर्गनायझेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन ही संस्था तिथे इको-स्कूल्सचं काम बघते, वाइल्डलाइफ क्लब्ज आहेतच. त्यांना लिहिताना ‘मला यायचंय’ असं लिहू नकोस. ‘आमच्या गावातल्या मुलांना तुमच्या मुलांना काही विचारायचंय’ असं लिही. वेळेचा फरक अडीच तासांचा, व्हॉट्सॲप दोन्हीकडे. भाषांतराचं काम तुझं. मराठीतून इंग्रजी तू करशील, तिकडचं तिथल्या शाळेच्या बाई करतील. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, अडलीस तर तिथे विचार; माणसं मदतीची आहेत, फक्त गणपतीच्या दिवसांत फोन करू नकोस, कुणी उचलणार नाही.

हे वर्षभर चाललं, तर तिथल्या एखाद्या शिक्षिकेलाच वाटेल की ही मुलगी सत्रभर इथे असती तर बरं. त्या निमंत्रणावर जा, जानेवारीच्या सत्राला, रीतसर परमिट काढून. आणि वर्षभर चाललंच नाही, तीन महिन्यांत तुझा उत्साह ओसरला, तर तेही कळलेलं बरं. डिसेंबरात तिकडे जाऊन कळण्यापेक्षा इथे स्वस्तात कळेल.

संस्थेमार्फतच जायचं असेल, तर पैसे घेऊन कुणालाही पाठवणाऱ्यांपेक्षा पारखून घेणाऱ्यांकडे बघ. व्हीएसओ ही ब्रिटनमधली १९५८ची संस्था अनुभवी माणसं निवडते आणि त्यांचा खर्च उचलते. युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्समध्ये निर्वाहभत्ता मिळतो, शिवाय घरबसल्या ऑनलाइन काम करायचीही सोय आहे. तिथे तुझे ते कंटाळवाणे तक्ते कामाला येतील. एखाद्या छोट्या केनियन संस्थेला पाणी-विजेच्या नोंदी नीट ठेवून देणारं माणूस हवंच असतं.

तयारीतली आणखी एक गोष्ट इथेच पुण्यात आहे. तिथल्या शाळांत दुपारी बहुधा गिथेरी असते, मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र उकडलेले, मोठ्या हंड्यात, तास न् तास लाकडं जाळून. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं खरकट्यावर, पिठूळ टाकाऊ अन्नावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र केलं. २००६ साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला, आणि शेजारच्या टांझानियातही ते पोचलं. ते एकदा चालताना बघून ये. तिथे कुणी विचारलं तर सांगता येईल. नाही विचारलं तर गप्प बस. आणि दाणे रात्री भिजत घातले तर लाकूड किती वाचतं, हे एखाद्या स्वयंपाकीणबाईच्या शेजारी चुलीपाशी बसून मोजायला कुठलंच संयंत्र लागत नाही.

स्वाहिली शिकायला आत्तापासून लाग. आपल्याला ती जड जात नाही. साबुनी, रांगी, कालामू, बाराफू, गारी हे तुला न शिकताच येतं. उच्चार लिहिल्यासारखेच. एक मात्र मनाशी तयार ठेव: तू तिथे गोरी पाहुणी नसशील, ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, असशील. व्होईवरून जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली ती हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी. नंतर दुकानं आली, पैसा आला, आणि दुकानदार व नोकर असं नातंही आलं. २०१७ साली सरकारनं भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, तरी गावात पहिले काही दिवस तुझ्याकडे बघणारी नजर जुन्या हिशेबातली असू शकते. वाईट वाटून घेऊ नकोस, आणि सारखं स्पष्टीकरणही देत बसू नकोस. वेळेवर ये, सांगितलेलं काम कर, चहाला बोलावलं तर जा.

तब्येतीचं: पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. लोकांना वाटतं ती केनियासाठी लागते. खरी गरज परत येताना पडते: ते पिवळं कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. त्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात.

आईला काय सांगायचं? मेळघाटाचा तिचा प्रश्न रास्त आहे, पण तो तिनं तुला अडवण्यासाठी विचारलाय. मेळघाटातही तू चार आठवड्यांसाठी, चार तयार पाठ घेऊन गेलीस तर मी हेच लिहिलं असतं. तिच्याशी वाद घालू नकोस. या दिवाळीत गावी जाऊन तिला बागेत घेऊन जा आणि फोनवर रेकॉर्डिंग लाव. हत्तींबद्दल तिला जे म्हणायचंय ते वीस वर्षांत कुणी सलग ऐकून घेतलंय का, मला शंका आहे.

अनामत परत मागण्याचं पत्र मात्र आजच टाक, ईमेलनंच, फोनवर नाही. त्यात दोनच कारणं लिही: डिसेंबरात शाळा बंद असतात, आणि पर्यटक म्हणून येऊन काम करायला सांगितलं गेलं. दुसरं कारण लेखी आलं की पैसे परत करायची घाई तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होईल. त्यांचे रद्द करण्याचे नियमही वाच. अशा ठिकाणी बहुतेक वेळा निघण्याआधी अमुक दिवसांची अट असते, आणि ती मुदत उलटायच्या आत तुझा ईमेल गेलेला हवा.